मोजून घ्या, मोजून द्या
घरबसल्या मोत्यांची माळ गाठवण्याचं काम

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या तायांसाठी ते त्यांच्याच शब्दांत देत आहोत.)



मला भाषणाची सवय नाही. गटाच्या बैठकीत मागचं इतिवृत्त वाचण्यापलीकडे मी कधी उभं राहून बोललेली नाही. पण अध्यक्षताई म्हणाल्या, "तू जे काम करतेस तेच सांग. माळ हातात घे आणि सांग." म्हणून ही माळ घेऊन आले. आणि जी ताई हे घरी बसून वाचणार आहे, तिने आपली माळ समोर घ्यावी. खरी असो, खोटी असो, लग्नातली असो नाहीतर जत्रेतली. डब्यात नाहीतर साडीच्या घडीत एखादी असतेच.

आता ती माळ दोन्ही हातांत धरून बघा. मोत्या-मोत्यामध्ये गाठ आहे का? गाठ आणि मोती यांच्यामध्ये दोरा दिसतोय का? दोरा पिवळा पडलाय, त्याला फुसके आलेत का? दोरा उघडा दिसत असेल तर तो सैल पडलाय. फुसके आले असतील तर तो तुटायच्या बेतात आहे. रोज घालत असाल तर वर्षातून एकदा आणि लग्नकार्यातच घालत असाल तर तीन ते पाच वर्षांनी माळ नव्याने गाठवावी लागते. मोती पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, दोरा टिकत नाही. आपलं काम या दोऱ्याचं आहे.

पूर्वी हे काम पटवेकरी करायचे. माझ्या लहानपणी आमच्या आठवड्याच्या बाजारात एक पटवेकरी आजोबा लिंबाखाली बसायचे. रेशमाचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचं, दोरा ताणून धरायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवून गाठवायचं. पुतळीची माळ, बोरमाळ, मण्यांची पोत, मागचा सरकता गोंडा, सगळं ते बसल्या जागी करून द्यायचे. आता आमच्या बाजारात पटवेकरी बसत नाही. तालुक्याच्या सराफाकडे माळ दिली तर तो ती पुढे दुसऱ्याकडे पाठवतो आणि आठ-पंधरा दिवस वाट बघायला लावतो. इकडे आमच्या सोलापूर भागातली माणसं दवाखान्याला, कामाला, लग्नाच्या खरेदीला हैदराबादला जातात आणि येताना चारमिनारजवळच्या बाजारातून मोती आणतात. म्हणजे माळा गावात आहेत, त्या तुटतातही, पण गाठवणारा जवळ नाही. मला काम मिळालं ते यामुळे.

आधी माझी चूक

कसं करायचं ते सांगण्याआधी माझं काय चुकलं ते सांगते. हात महिन्याभरात बसतो, पण ही चूक मला अजून पुरून उरली आहे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. शिकून दोन-तीन महिने झाले होते. आमच्याच गल्लीतल्या एक मावशी तुटलेली माळ घेऊन आल्या. रुमालाला गाठ मारून आणली होती. मी चहा ठेवला, गप्पा झाल्या, रुमाल तसाच स्टीलच्या डबीत ठेवला. घरच्यासारख्या मावशी, त्यांच्यासमोर मोजायला बसले तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल असं मला वाटलं. चार दिवसांनी कामाला बसले. ओवताना मोजले, एकसष्ट भरले. छान गाठवून दिली.

मावशींनी माळ घेतली आणि माझ्यासमोर मोजली. म्हणाल्या, "माझे त्रेसष्ट होते. सासूबाईंनी मोजून दिले होते."

काय सांगणार? लांबीवरूनही काही ठरेना. आधीची माळ बिनगाठीची होती, आणि गाठी घातल्या की माळ इंच-दीड इंच लांबतेच. दोन मोती कमी असूनही ती आधीपेक्षा लांबच दिसत होती. मी डबी पालथी केली, घर झाडून काढलं, केर चाळला, पोरीचं दप्तर रिकामं केलं. मोती सापडले नाहीत. कदाचित माळ तुटली तेव्हा त्यांच्याच घरात दोन घरंगळले असतील. कदाचित माझ्याकडून गेले असतील. मी पैसे घेतले नाहीत. दोन मोती विकत आणून घालते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "राहू दे."

बायांनो, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. ते 'राहू दे' मला फार लागलं. आजही त्या रस्त्यात भेटल्या की बोलतात, पण माझ्या घराची पायरी चढत नाहीत. त्यांच्या मनात काय आहे ते मी विचारू शकत नाही आणि माझी बाजू मी सिद्ध करू शकत नाही. त्या दिवशी दोघींनी मिळून पाच मिनिटं मोजायला घालवली असती तर दोघींचाही मान राहिला असता.

मला सांगा, गटाच्या बैठकीत आपण बचतीचे पैसे बंद मुठीत घेतो का? सगळ्यांसमोर मोजतो, वहीत लिहितो, पासबुकात नोंद करतो. सख्ख्या जावेचे शंभर रुपये असले तरी मोजतो. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. उलट न मोजता घेतले तर पुढच्या बैठकीत कुरबूर होते. पंचसूत्रीत हिशेब लेखन आहे ते उगीच नाही. पैशाला जो नियम तोच दुसरीच्या दागिन्याला लावायचा, हे मला नुकसान सोसून कळलं.

आता मी काय करते ते ऐका. बाई माळ घेऊन आली की पांढरा टॉवेल अंथरते. माळ तुटलेली नसेल तर तिच्यासमोर मोबाइलवर फोटो काढते, शेजारी पट्टी ठेवून. मग मोती मोजते आणि तिलाही मोजायला लावते. दोघींचा आकडा जुळला की वहीत लिहिते: मोती किती, हूक कसलं, त्यावर खडा आहे का, कुठला मोती टवका गेलेला आहे, कुठल्याचं पाणी उतरलंय. छोटा डिजिटल काटा घेतलाय, त्यावर सुट्या मोत्यांचं वजन करते. ओवलेल्या माळेचं वजन दोऱ्यामुळे आणि मळामुळे थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून खरा भरवसा मोजणीवर. खाली तिची सही नाहीतर अंगठा आणि माझी सही. माळ परत देतानाही तसंच. ती मोजते, मी मोजते, मग सही. ज्या बाईला याचा राग येईल तिचं काम घ्यायचं नाही. पण सहा वर्षांत एकीलाही राग आलेला नाही. दुसऱ्यांदा येतात तेव्हा त्या आपणहून मोजायला बसतात.

सामान काय लागतं

फार नाही. मी गटातून दीड हजार रुपये अंतर्गत कर्ज घेतलं, त्यात सगळं आलं. रेशमाचा दोरा, टोकदार चिमटा, छोटी धारदार कात्री, भिंग, काटा, झाकणाच्या डब्या. टॉवेल घरचाच.

दोरा रेशमाचाच घ्या. तंगूस घेऊ नका. तो ताठ असतो, त्याची गाठ नीट बसत नाही आणि माळ गळ्यात वळत नाही, तारेसारखी उभी राहते. रेशीम मऊ पडतं आणि त्याची गाठ घट्ट बसते. मोती गाठवायचं रेशीम पुठ्ठ्यावर गुंडाळलेलं, एका टोकाला बारीक तारेची सुई लावलेलं तयार मिळतं. त्याला क्रमांक असतात, क्रमांक वाढेल तसा दोरा जाड. सुटं रेशीम घेतलं तर बारीक तार दुमडून, पीळ देऊन घरी सुई करता येते. साधी शिवणाची सुई चालत नाही, तिचं नेढं मोत्यात अडकतं.

मोत्याच्या भोकाला जुनी माणसं 'वेज' म्हणतात. दोरा वेजाच्या मापाने निवडायचा. पारख अशी: दोरा वेजातून एकदा सहज जावा, दुसऱ्यांदा किंचित अडत जावा, आणि त्याची गाठ मात्र आत शिरू नये. गाठ आत सरकत असेल तर दोरा बारीक आहे, जाड घ्या. दोरा जातच नसेल तर सुई रेटू नका, मोती तडकतो. वेज मोठं करायच्या भानगडीतही आपण पडायचं नाही. जुन्या मोत्यांची वेजं फार बारीक असतात. तिथे बारीक दोरा घ्यायचा, नाहीतर हात जोडून काम परत करायचं.

माळ दीड फुटाची असेल तर दोन मीटर दोरा लागतो. नवीन रेशीम वापरल्यावर ताणतं आणि मग गाठींमध्ये फट दिसते. म्हणून आदल्या रात्री दोरा खुंटीला टांगा आणि खाली कुलूप नाहीतर छोटं वजन बांधून ठेवा. जे ताणायचं ते रात्रीत ताणून घेऊ दे.

माळ सोडवणं आणि गाठवणं

टॉवेलाची लांब घडी घालून मधे नाळीसारखी चुणी करा. त्या चुणीत माळ ठेवा. मोती लहान-मोठे असतील, म्हणजे मधे मोठा आणि कडेला बारीक होत गेलेले, तर क्रम मोडता कामा नये. एकेक गाठ कापायची, मोती जागच्या जागी चुणीत ठेवायचा. घाईने दोरा ओढलात तर सगळे एकत्र होतात आणि मग क्रम लावताना डोळ्यांत पाणी येतं. खाली कोपऱ्यात मांजर नको, लेकरू नको, वर पंखा नको.

सुटे झालेले मोती ओल्या मऊ कापडाने एकेक पुसून घ्या, कोरड्या कापडाने टिपा. साबणाच्या पाण्यात भिजत घालू नका.

आता सुरुवात. सुईत तीन मोती ओवा. मग येते बारीक तारेची पोकळ स्प्रिंग. आरी वर्क शिकलेल्या मुलींना दबका माहीत आहे, अगदी तशीच, पण याहून बारीक. तिचा पाऊण सेंटिमीटरचा तुकडा दोऱ्यात ओवा, मग हूक ओवा. आता सुई उलटी वळवून हुकाजवळच्या मोत्यातून परत काढा. ओढलं की स्प्रिंग हुकाच्या कडीत गोल बसते. हिचं काम काय? हुकाची धातूची कडी दोऱ्याला सारखी घासते. माळ बहुतेक वेळा तिथेच तुटते. स्प्रिंग असली की घासतं ते तारेला, दोरा आत सुरक्षित राहतो.

परत आलेला दोरा आणि मागे सोडलेलं टोक यांची पहिल्या मोत्यानंतर गाठ. दुसऱ्या मोत्यातून सुई, पुन्हा गाठ. तिसऱ्यातून सुई, पुन्हा गाठ. म्हणजे या तीन मोत्यांतून दोरा दोनदा गेला. म्हणूनच मघाशी म्हटलं, दोरा दोनदा जायला हवा.

आता एकेक मोती आणि एकेक गाठ. ही गाठ नीट समजून घ्या. मोती ओवून मागच्या गाठीला टेकवा. दोऱ्याचा सैल वळसा डाव्या हाताच्या दोन बोटांवर घ्या. सुई आणि सगळा दोरा त्या वळशातून काढा. झाली साधी गाठ, पण ती ओढू नका. सैल वळशात चिमट्याचं टोक घाला आणि ते टोक मोत्याला अगदी भिडवून दोरा धरा. आता हळूहळू ओढा. गाठ चिमट्याच्या टोकावर आवळत येते, मोत्याजवळच. चिमटा अलगद काढून घ्या आणि अंगठ्याच्या नखाने गाठ मोत्याकडे ढकला. मोती हलवून बघा. हलत नसेल, दोराही दिसत नसेल, तर पुढचा मोती घ्या.

गाठ दूर बसली असं आवळायच्या आधी वाटलं तर तिथेच थांबा, सैल असतानाच सोडवा. रेशमाची गाठ एकदा घट्ट बसली की सुटत नाही. 'जाऊ दे, कुणाला दिसतंय' असं म्हणून पुढे गेलात तर ती फट माळ हातात घेणाऱ्या प्रत्येक बाईला दिसते. माझ्याकडून अजूनही होतं. मग दोरा कापून पुन्हा पहिल्यापासून बसते. दोऱ्याचं नुकसान परवडतं.

शेवटचे तीन मोती राहिले की त्यांच्यामध्ये गाठी न घालता नुसते ओवा. गाठ बसेल एवढी जागा मात्र सोडा. मग स्प्रिंग, हुकाचं दुसरं टोक, आणि सुई वळवून परत: एक मोती, गाठ, दुसरा मोती, गाठ, तिसरा मोती, गाठ. टोक कापायच्या आधी त्या शेवटच्या गाठीवर टाचणीच्या टोकाने बिनरंगी नेलपॉलिशचा ठिपका ठेवा. मोत्याला लागू देऊ नका. वाळलं की टोक कापा.

इथे एक सांगते. झटपट चिकटणारा गम वापरू नका. सुरुवातीला मी वापरला होता. पटकन वाळतो म्हणून बरं वाटलं. पण त्याने रेशीम कडक होतं आणि गाठीच्या शेजारीच मोडतं, शिवाय मोत्यावर पांढुरकी झाक येते. ती माळ मी फुकटात पुन्हा गाठवून दिली.

मधल्या गाठींचा उपयोग विचारतात. दोन उपयोग आहेत. मोती मोत्याला घासत नाही. मोती फार टणक नसतो, घासून झिजतो. आणि माळ तुटलीच तर एखादाच मोती पडतो, बाकीचे गाठीला अडून जागेवर राहतात. भर मांडवात माळ तुटून बायका खाली वाकलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात.

काय घ्यायचं नाही

सगळेच मोत्यांचे दागिने आपल्या कामाचे नाहीत. नथ तारेवर बांधलेली असते, ती सोनाराची. चिंचपेटीची पेटी सैल झाली असेल तर तीही सोनाराची. तन्मणीचे मोती इतके बारीक असतात की प्रत्येकाच्या मधे गाठ बसत नाही. ते सर बिनगाठी ओवून फक्त टोकाला बांधतात, आणि सगळे सर एका मापाचे झाले पाहिजेत. ते वर्षभर हात बसल्यावर घ्या.

दुसरं, खरं-खोटं सांगायचं नाही. बायका हटकून विचारतात, "बघ गं, खरे आहेत का?" मोत्यावर मोती हलके घासला तर खरा किंचित खरखरतो आणि काचेचा गुळगुळीत लागतो, एवढं आपल्याला कळतं. पण खऱ्यातही प्रकार आहेत. पूर्वी मोती समुद्रातल्या शिंपल्यात आपोआप सापडायचा. आखातातून यायचे ते बसरा मोती. जपानमध्ये मिकिमोतो नावाच्या माणसाने 1893 साली शिंपल्यात मुद्दाम कण घालून मोती पिकवून दाखवला. आता बाजारात बहुतेक असे पिकवलेलेच, कल्चर मोती. तेही शिंपल्यातच तयार होतात, म्हणून तेही खरखरतात. पिकवलेला कुठला आणि आपोआप झालेला कुठला, हे प्रयोगशाळेत कळतं, माझ्या ओट्यावर नाही.

एकदा मी पटकन बोलून गेले होते. एक सून सासूने दिलेली माळ घेऊन आली होती. मी हातात घेतली आणि म्हटलं, "काचेचे दिसतात." तिचा चेहरा उतरला. घरात त्यावरून किती दिवस धुसफूस झाली ते मला नंतर कळलं. आपल्याकडे गाठवायला दिलं होतं, पारखायला नाही. आता कुणी विचारलं तर सांगते, "सराफाकडून तपासून घ्या." आणि काचेच्या मोत्यालाही तेवढीच मन लावून गाठ मारते. त्या बाईला ती माळ तेवढीच मोलाची असते.

माळ देताना सांगायच्या गोष्टी

शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं की पांढरा डाग पडतो ना? फरशीत चुना असतो, आंबट त्याला खातं. मोतीही त्याच जातीचा, शिंपल्याच्या चुन्याचा. म्हणून लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी मोती कधी उजळायला जायचं नाही. टूथपेस्ट आणि खायचा सोडाही नको, त्याने ओरखडे पडतात. घाम आणि अत्तरही बाधतं. पावडर, सेंट, हळदीकुंकू झाल्यावर माळ शेवटी घाला, आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी काढा. मऊ कापडाने पुसा. टांगून ठेवू नका, दोरा ताणतो. मलमलच्या कापडात आडवी ठेवा, सोन्याच्या दागिन्यांपासून वेगळी. प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं कोंडू नका. आणि अधूनमधून घाला, मोत्याला हवा लागू द्या.

मजुरीचं बोलू

हे बोलायला आपण लाजतो, म्हणून मुद्दाम बोलते. पहिलं वर्ष मी नात्यातल्या, ओळखीच्या सगळ्यांचं फुकट केलं. "हात फार छान आहे गं तुझा," एवढं ऐकून खूश व्हायचे. कर्जाचा हप्ता मात्र मी शिलाईच्या पैशातून भरत होते. एका बैठकीत आमच्या सचिवताईंनी वही उघडून विचारलं, "या कामाचं उत्पन्न कुठे लिहू?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून गाठीला पाच रुपये. रेशीम आणि स्प्रिंगचे पैसे वेगळे. साठ मोत्यांची माळ म्हणजे मजुरीचे तीनशे. कुणी म्हणतं, "एवढ्याशा दोऱ्याला तीनशे?" मी वाद घालत नाही. गाठी मोजायला सांगते. मोजता मोजता त्यांच्याच लक्षात येतं. पहिल्यांदा मला एक माळ करायला अख्खा दिवस लागायचा, आता दोन तास लागतात. तुमचा दर तुमच्या गावाप्रमाणे ठरवा, पण काम घेतानाच सांगा आणि पावतीवर लिहा. काम झाल्यावर 'द्या काय द्यायचं ते' म्हणू नका.

खोटी आशा दाखवत नाही. लग्नसराईत महिन्याला आठ-दहा माळा येतात, एरवी दोन-तीन. एवढ्यावर घर चालत नाही. पण माझ्या पोरीचा कॉलेजचा एसटीचा पास आणि वह्या-पुस्तकं मी यातून घेते, आणि त्यासाठी कुणापुढे हात पसरत नाही.

दोन मागण्या

आता आमच्या ग्रामसंघात आम्ही तिघी हे काम करतो. एकीने गाठवलेली माळ दुसरी तपासते, मगच ती घराबाहेर जाते. आपली चूक आपल्याला दिसत नाही, दुसरीला लगेच दिसते.

प्रभागसंघाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, आम्हाला पावतीपुस्तक छापून द्या. कार्बनची प्रत निघेल असं, त्यावर मोत्यांची संख्या, वजन, हूक, मजुरी, दोघींच्या सह्या एवढे रकाने हवेत. साध्या वहीपेक्षा छापील पावतीने काम करणारीला मान मिळतो आणि देणारीला भरवसा वाटतो. शिलाई, दागिने, दळण, जिथे जिथे दुसरीची वस्तू आपल्या घरात येते तिथे सगळ्यांनाच ते उपयोगी पडेल.

दुसरी मागणी तायांकडे. ज्यांना शिकायचंय त्यांनी पुढच्या सभेला एक तास आधी या. येताना पन्नास प्लॅस्टिकचे मणी, एक चिमटा आणि टॉवेल आणा. दोरा मी देईन. खऱ्या मोत्याला हात लावायच्या आधी त्या पन्नास मण्यांच्या पन्नास गाठी मारायच्या आणि सोडून पुन्हा मारायच्या.

आणि बसल्या बसल्या पहिलं काम काय करायचं? मणी मोजायचे. शेजारणीकडूनही मोजून घ्यायचे. मी वही घेऊन बसलेली असेन.

काही कमी-जास्त बोलले असेन तर सांभाळून घ्या.